शेतकी महाविद्यालयांचें वृत्त आणि शेतकरी

पावसाळा सुरू झाला कीं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांतून एका ठराविक प्रकारचीं वृत्तें झळकूं लागतात. ‘अमुक गांवीं कृषिदूतांचें स्वागत’, ‘कृषिकन्यांनीं दाखविलें बीजप्रक्रियेचें प्रात्यक्षिक’ असा मथळा असतो आणि खालीं ओळीनें उभ्या राहिलेल्या मंडळींचें छायाचित्र असतें. कृषि पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषि कार्यानुभव या अभ्यासक्रमाखालीं कांहीं आठवडे खेड्यांत राहतात, शेतकऱ्यांच्या शेतांवर हिंडतात, आणि त्यांच्या महाविद्यालयांतून हें वृत्त वर्तमानपत्रांकडे रवाना होतें. त्यांत प्राचार्यांचें नांव असतें, कार्यक्रम समन्वयकांचें असतें, विषयतज्ज्ञांचें असतें, सरपंचांचें असतें, आणि सहा-सात विद्यार्थ्यांचीं नांवें आडनांवांसह असतात. नसतें तें एवढेंच कीं बीजप्रक्रिया कोणत्या बियाण्यास केली, किलोभर बियाण्यास औषध किती लाविलें, तें ओलें चोळलें कीं कोरडें, नंतर बियाणें सावलींत सुकविलें कीं उन्हांत, आणि गेल्या सालीं ज्याच्या शेतांत असेंच प्रात्यक्षिक झालें त्याच्या पिकाचें पुढें काय झालें. प्रात्यक्षिक झालें हें वाचकास कळतें; प्रात्यक्षिकांत काय होतें तें कळत नाहीं.

या विद्यार्थ्यांवर आमचा रोष नाहीं. शिकलेला मुलगा चिखलांत उतरून रोपें लावतो हें पाहून कोणाही शेतकऱ्यास समाधानच वाटेल. शिवाय त्यांतले पुष्कळ आपल्याच घरचे. प्रश्न आहे तो वृत्त लिहिणाऱ्या कचेरीचा. शेतकी महाविद्यालय असो, कृषि विद्यापीठ असो कीं संशोधन केंद्र असो, प्रत्येकाच्या पदरीं आतां प्रसिद्धीचें काम पाहणारा कोणी ना कोणी असतो. नेमणुका, बढत्या, सत्कार, नवे प्रकल्प, मंजूर झालेल्या रकमा, पाहुण्यांच्या भेटी आणि सामंजस्य करार हें सारें त्याच्या लेखणींतून बाहेर पडतें. (सामंजस्य करार झाला म्हणजे नेमकें कोणाचें कोणाशीं काय समजलें, हें मात्र आजवर आम्हांस समजलेलें नाहीं.) हें लिखाण कोणासाठीं होतें, हा प्रश्न शेतकऱ्यांनीं मोकळेपणानें विचारण्याची वेळ आली आहे.

कित्येक शहाणे लोक म्हणतील कीं अशा बातम्यांशीं शेतकऱ्यास कर्तव्यच काय? त्या कचेरीच्या घरगुती गोष्टी. त्याला हवें तें पिकाचें ज्ञान द्यावें, माणसांच्या बदल्या सांगून काय उपयोग? आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. महाविद्यालयाच्या छापील पुस्तिकेपेक्षां त्याच्या माणसांचें व चालू कामाचें वृत्तच शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाचें असतें. पुस्तिकेंतील शिफारस कांहीं वर्षांपूर्वींच्या प्रयोगांवरून ठरलेली असते. आज कोण काय पाहत आहे, कोणत्या शेतांत काय लाविलें आहे, आणि कोणास विचारिलें असतां उत्तर मिळेल, हें फक्त वृत्तावरूनच कळण्यासारखें आहे. तें वृत्त वाईट लिहिलें जातें म्हणून तें टाकाऊ ठरत नाहीं.

प्रथम माणसांचेंच पाहूं. तलाठी बदलला तर सारें गांव दुसऱ्या दिवशीं जाणतें. बाजार समितींत नवा सचिव आला कीं कळवणच्या आडत्यांपासून अभोण्याच्या हमालांपर्यंत सर्वांस त्याची खबर असते, कारण प्रत्येकाचें कांहीं ना कांहीं काम त्याच्याशीं पडतें. पण कांद्याचा करपा व पीळ यांवर दहा वर्षें काम केलेला रोगशास्त्रज्ञ दुसरीकडे गेला, अथवा फुलकिड्यांचा अभ्यास केलेला कोणी नवा आला, तर त्याचें वृत्त आपल्यापर्यंत येतच नाहीं. आणि आलेंच तर ‘डॉ. अमुक यांनीं पदभार स्वीकारला’ एवढ्यावर तें थांबतें. त्यांनीं कोणत्या पिकावर काम केलें, ते कोणत्या वारीं कचेरींत भेटतात, रोगट रोप पाठवावयाचें तर कशांत गुंडाळून कोठें पाठवावें, आणि त्यांच्या जागेवर पूर्वीं जे होते ते आतां कोठें आहेत, यांपैकीं एक अक्षर त्यांत नसतें. ‘पदभार’ हा शब्द मोठा खरा; पण भार कोणाच्या डोक्यावरून कोणाच्या डोक्यावर गेला हें ओझें वाहणाऱ्यास कळूं नये हें विचित्र आहे.

आम्हीं स्वतः कांहीं वर्षांपूर्वीं एका केंद्रास, उन्हाळ कांद्याच्या पातीस पीळ पडूं लागला असतां, पत्र लिहिलें होतें. पत्र ज्यांच्या नांवें होतें त्यांची बदली झालेली. नव्यांनीं तें उघडलें नाहीं, कारण त्यावर दुसऱ्याचें नांव. आणि उत्तर आलें तेव्हां कांदा चाळींत जाऊन बसला होता. यांत कोणा व्यक्तीचा मोठा अपराध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बदलीचें साधें वृत्त चार ओळींत आपल्या तालुक्यापर्यंत आलें असतें तर पत्र योग्य हातीं पडलें असतें, एवढेंच म्हणणें आहे.

आणखी एक वृत्त आहे, जें कोणतीच कचेरी छापीत नाहीं. तें म्हणजे रिकाम्या जागेचें. नेमणुकीचा गाजावाजा होतो. पण एखाद्या केंद्रावरील कीटकशास्त्रज्ञाची जागा वर्षानुवर्षें भरलेली नसेल, तर तें बाहेरच्या माणसास कळण्याचा मार्ग नाहीं. कृषि विद्यापीठांतील अनेक जागा रिकाम्या असल्याची ओरड अधूनमधून सभागृहांत व वर्तमानपत्रांत ऐकूं येते, ती एकूण आंकड्यांची. शेतकऱ्यास एकूण आंकडा नको. आपल्या पिकाचा माणूस आहे कीं नाहीं एवढें हवें. नसेल तर तसें लिहावें. म्हणजे तो दुसरीकडे विचारील, आणि आमच्यासारख्या संस्था सरकारकडे मागणी करतांना हवेंत बोलणार नाहींत.

आतां प्रकल्पांचें. येथें मात्र थोडें सविस्तर लिहिणें भाग आहे, कारण नुकसान येथेंच सर्वांत जास्त होतें.

आपल्या तालुक्याचें उदाहरण घेऊं. उन्हाळ कांद्याचें उळें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत गादीवाफ्यावर पडतें. हेक्टरी लागवडीस आठ-दहा किलो उळें लागतें. सात-आठ आठवड्यांनीं रोप उपटून लावावयाचें. पुढें मार्च-एप्रिलांत माना पडल्यावर काढणी, आणि मग चाळ. भाव पडलेला असला तर तोच कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरापर्यंत राखावयाचा. म्हणजे आज पेरलेल्या उळ्याचा खरा हिशेब जवळजवळ एक वर्षानें लागतो. उळें खोटें निघालें, डेंगळे आले, जोड कांदा निघाला, किंवा चाळींत तिसऱ्या महिन्यांतच कोंब फुटूं लागले, तर जी चूक कळते ती सुधारण्यास त्या सालीं वेळच उरत नाहीं. कापड विकत घेणारा दुकानांतच तें बोटांनीं चोळून पाहतो. कांदा लावणाऱ्यास ती सोय नाहीं. ज्या मालाची पारख वर्षानें होते, त्याविषयीं आधीं कोणीतरी करून पाहिलेल्या प्रयोगाचें वृत्त हेंच शेतकऱ्याचें एकमेव संरक्षण आहे.

आणि प्रयोग झालेले नाहींत असें मुळींच नाहीं. आपलाच जिल्हा या बाबतींत भाग्यवान आहे. खरिपाच्या पोळ कांद्याचा ‘एन-५३’ हा वाण निफाडचा. रब्बींत लावून दीर्घ काळ टिकणारा ‘एन-२-४-१’ सर्वांच्या ओळखीचा. ‘बसवंत-७८०’ याच्या नांवांतच पिंपळगांव बसवंत आहे. ‘फुले समर्थ’ राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा. गव्हांत ‘निफाड-३४’, ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘गोदावरी’ हे निफाडच्याच केंद्राचे. कांदा-लसणाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ सालीं प्रथम नाशिकांतच निघालें व १९९८ सालीं राजगुरुनगरास गेलें. इतकें काम हाताच्या अंतरावर झालें असतां, कळवणचा शेतकरी उळें कोणतें घ्यावें हें विचारण्यास आजही बहुधा दुकानदाराकडे किंवा शेजाऱ्याकडे जातो. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. दुकानदाराचें वृत्तपत्र रोज निघतें, तोंडीं निघतें, उधारीसह निघतें, आणि वाचणाऱ्याच्याच बोलीत निघतें.

महाविद्यालयाचें वृत्त यापुढें कसें उभें राहतें तें पाहा. ‘कांदा साठवणुकीवरील अमुक लक्ष रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी. मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन.’ रक्कम कळली, मान्यवर कळले. प्रकल्प गिरणेच्या कांठच्या काळ्या जमिनींतल्या कांद्यावर आहे कीं सप्तशृंगीच्या डोंगरउतारावरील मुरमाड जमिनींतल्या, हें कळलें नाहीं. कळवण तालुक्यांत पश्चिमेस पाऊस भरपूर व पूर्वेस बेताचा. एकाच तालुक्यांत दोन मुलूख आहेत म्हटलें तरी चालेल. कनाशीच्या बाजूस जें साधतें तें गिरणेच्या खालच्या अंगास साधेलच असें नाहीं. मग कोणत्या वाणाशीं कोणत्या वाणाची तुलना केली, घरचें उळें तुलनेस ठेवलें होतें कीं नाहीं, पाणी शेवटचें केव्हां दिलें, काढणीच्या वेळीं माना किती पडल्या होत्या, चाळींत क्विंटल किती भरले व चार महिन्यांनीं किती उरले, या गोष्टी वगळून केलेलें वृत्त म्हणजे लग्नाची अशी कुंकुमपत्रिका कीं जींत वधूवरांचीं नांवें नाहींत, फक्त निमंत्रकांचीं आहेत.

याहूनही मोठा दोष असा कीं, जो प्रयोग फसला त्याचें वृत्त कधींच येत नाहीं. एखादा वाण आपल्या हवेंत टिकला नाहीं, एखादें औषध मारूनही फुलकिडे कमी झाले नाहींत, यंत्रानें लावलेलें रोप हातानें लावलेल्यापेक्षां कमी जगलें, असें प्रयोगांत होणारच. तें लाजिरवाणें नाहीं. प्रयोग म्हणतात तो त्यासाठींच. परंतु तें लिहिलें नाहीं कीं तोच फसलेला प्रयोग शेंकडों शेतकरी आपआपल्या शेतांत, आपआपल्या कर्जानें, पुन्हां करून पाहतात. संशोधन केंद्राचा एक वाफा गेला तर तें पुढच्या सालीं दुसरा घालतें. दोन एकरांच्या धन्याचा कांदा गेला तर त्याच्या मुलीचें लग्न पुढें जातें. चार कृषि विद्यापीठांची संयुक्त संशोधन समिती दरसाल बसते, नवे वाण व शिफारशी संमत करते, आणि संमत झालेल्यांची यादी वर्तमानपत्रांत येते. जें पारखून मागें ठेवलें त्याचीही यादी, कारणांसह, त्याच दिवशीं यावी अशी आमची मागणी आहे.

येथें कोणी म्हणेल कीं ही अपेक्षा नवीन व अवास्तव आहे. ती नवीन नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजांत हॅरोल्ड मॅन हे १९०७ सालीं प्राचार्य म्हणून आले. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवीं जाऊन घरोघर, शेतोशेत चौकशी केली: जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, कुटुंबाचें पोट कशावर भरतें. तो अहवाल १९१७ सालीं छापून निघाला. दुसरा, जातेगांव बुद्रुकचा, ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेला, १९२१ सालीं निघाला. एका शेतकी कॉलेजानें आपलें काम खुद्द शेतकऱ्याच्या उंबऱ्यावरून सुरू करावें याचें याहून चांगलें उदाहरण आपल्या इलाख्यांत शोधूनही सांपडणार नाहीं. जमिनीच्या तुकड्यांचा प्रश्न त्या पुस्तकानें साऱ्या देशापुढें मांडला. पण तें पुस्तक इंग्रजींत होतें. ज्या पिंपळ्याच्या लोकांनीं आपलीं खातीं, आपलीं कर्जें उघडीं करून दाखविलीं, त्यांच्या हातीं तें वाचावयास आलें नाहीं. आज तें गांव पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत बुडून गेलें आहे. त्याची शेती कशी होती हें विलायतेंतल्या ग्रंथालयांत वाचतां येतें. काम उत्तम आणि वृत्त भलत्याच पत्त्यावर, ही आपल्या शेतकी शिक्षणाची जुनी खोड आहे.

१९२६ सालीं नेमलेल्या शेतकी रॉयल कमिशननें १९२८ सालीं आपला अहवाल दिला, त्यांत सरकारी नमुना शेतापेक्षां शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतांतील प्रात्यक्षिकावर अधिक भर दिला होता. तेव्हांपासून आजच्या कृषि विज्ञान केंद्रांपर्यंत हेंच सूत्र सर्वजण उच्चारीत आले आहेत. उच्चार पुष्कळ झाला. पण ज्या एका उदाहरणाकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधूं इच्छितों, तें आपल्याच जिल्ह्यांतलें आहे आणि आश्चर्य असें कीं आपल्यांतील फार थोड्यांस तें ठाऊक आहे.

१९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें ‘शेतकरी श्रोतृमंडळां’चा प्रयोग केला. त्यांत पांच जिल्हे होते: पुणें, अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर), उत्तर सातारा, कोल्हापूर आणि आपलें नाशिक. सुमारें दीडशें गांवें निवडलीं. प्रत्येक गांवांत बारा ते वीस जणांचें मंडळ. आठवड्यांतून दोन वेळां, दहा आठवडे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. मंडळी एकत्र बसून तो ऐकत, नंतर आपसांत वाद घालीत, आणि, हीच यांतली खरी गोम, आपले प्रश्न व आपलीं मतें लिहून केंद्राकडे पाठवीत. केंद्र पुढच्या कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें देई. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञानें त्याची पारख केली. जेथें मंडळें होतीं तीं गांवें, जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें तीं, आणि जेथें कांहींच नव्हतें तीं, अशी तुलना झाली. मंडळांच्या गांवांतील लोकांचें ज्ञान ठळकपणें वाढलें. नुसता रेडिओ असलेल्या गांवांत तसें झालें नाहीं. म्हणजे आवाज तोच, भाषा तीच, माहिती तीच. फरक एवढाच कीं एका ठिकाणीं ऐकणाऱ्यास उलट विचारतां येत होतें व त्याच्या विचारण्याची दखल घेतली जात होती. हा निष्कर्ष नाशिक जिल्ह्याच्या खेड्यांतून निघाला आणि पुढें परदेशांतून त्याचे दाखले दिले गेले. आपल्या महाविद्यालयांच्या प्रसिद्धी-कचेऱ्यांनीं मात्र त्यांतला रेडिओ तेवढा उचलला आणि मंडळ सोडून दिलें.

आज साधनें त्या काळाच्या शतपट आहेत. आकाशवाणीवर शेतकी कार्यक्रम आहेत. २००४ सालापासून किसान कॉल सेंटरची विनामूल्य दूरध्वनीची सोय आहे. भ्रमणध्वनीवर दिवसांतून दहा संदेश येऊन आदळतात. राहुरीची ‘कृषिदर्शनी’ दरसाल निघते, आणि ज्याच्या घरीं ती आहे तो तिला पंचांगाच्या शेजारीं ठेवतो, यांत सारें आलें. न्यायबुद्धीनें हें सांगितलेंच पाहिजे. परंतु या सर्वांचा ओघ वरून खालीं. खालून वर जाण्याचा मार्ग म्हणजे एखाद्या शेतकरी मेळाव्यांत भाषणें संपतां संपतां उरलेलीं पांच मिनिटें, जेव्हां अर्धे लोक जेवणाच्या पंगतीकडे निघालेले असतात.

परमुलखांत हें काम कायद्यानेंच कसें बांधून दिलें आहे, तेंही पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत १८८७ सालीं ‘हॅच’ कायद्यानें शेतकी कॉलेजांस जोडून प्रयोगशाळा निघाल्या. त्या कायद्यांत एक कलम असें होतें कीं, प्रत्येक केंद्रानें निदान तीन महिन्यांतून एकदां आपल्या कामाच्या प्रगतीचें पत्रक छापावें; त्याची एक प्रत त्या संस्थानांतील प्रत्येक वर्तमानपत्राकडे पाठवावी; आणि प्रत्यक्ष शेती करणारा जो कोणी मागेल त्यास, ऐपतीप्रमाणें, ती द्यावी. टपालहंशील माफ. ‘प्रगतीचें पत्रक’ हे शब्द ध्यानांत घ्यावे: काम पुरें झाल्यावरचा विजयोत्सव नव्हे, चालू असतांनाचा हिशेब. पुढें १९१३ सालीं अशा कॉलेजांतील वृत्तसंपादकांनीं आपली स्वतंत्र संघटना काढली. म्हणजे शेतकऱ्यास समजेल असें लिहिणें ही एक वेगळी विद्या आहे व ती शिकावी लागते, हें त्यांनीं शंभर वर्षांपूर्वींच ओळखलें. त्या देशाची शेती निराळी, जमिनी अफाट, तिथलें सारें आपणांस लागू नाहीं. पण ज्याचा पैसा त्यास हिशेब, ही रीत कोणत्याही मुलखांत लागू पडावी.

भाषेविषयीं दोन शब्द. आपल्याकडे घरांत अहिराणी, पश्चिमेच्या पाड्यांवर कोकणी, आणि बाजारांत मराठी. महाविद्यालयाचें वृत्त येतें तें या तिन्हींपैकीं एकाही भाषेंत नसतें. ‘एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापनाच्या अनुषंगानें क्षमता बांधणी’ हें वाक्य आम्हांसारख्या वाचनाची सवय असलेल्यासही दोनदां वाचावें लागतें. आम्ही बोजड मराठीचे शत्रु नाहीं. हा लेखच त्याचा पुरावा आहे. पण जेथें पिकाचें, अवजाराचें, रोगाचें नांव येतें तेथें शेतांत बोलला जाणारा शब्दच यावा. उळ्यास उळेंच म्हणावें. नागली-वरईच्या शेतकऱ्यास ‘भरड धान्य उत्पादक’ म्हटल्यानें त्याला आपल्याविषयीं बोलणें चाललें आहे असें वाटतच नाहीं. आणि सरकारी योजनांची सर्वांत अधिक गरज तर त्यालाच आहे.

आतां आपल्याकडे वळूं. सारा दोष कचेऱ्यांवर ढकलून मोकळें होणें सोपें आहे, पण तें सचोटीचें होणार नाहीं. महाविद्यालयाकडे प्रश्न लिहून पाठविणारे आपल्यांत किती? विद्यार्थी गांवांत येतात तेव्हां त्यांना चहा पाजून, छायाचित्रांत उभें राहून आपण निरोप देतों. ‘बाबांनो, जें दाखविलेंत तें कागदावर लिहून सहीनिशीं ठेवून जा, आणि पुढच्या सालीं तुमच्या जागीं येणाऱ्यांनीं याच शेतांत येऊन पाहावें’ असें त्यांना किती गांवांनीं सांगितलें? ग्रामपंचायतीच्या दप्तरांत अशी एक वही ठेवणें यास ना पैसा लागतो ना मंजुरी. पांच सालांनीं त्या वहीचें मोल कोणत्याही छापील अहवालापेक्षां जास्त ठरेल.

देवळ्याच्या पलीकडे, मालेगांव तालुक्यांत काष्टी येथें राहुरी विद्यापीठाचें कृषि विज्ञान संकुल झालें आहे. राहुरी दूर होती, ही सबब आतां चालणार नाहीं. शेतकी महाविद्यालय गिरणेच्या खोऱ्यांतच आलें. नव्या संस्थेस जुन्या खोडी लागण्यापूर्वींच तिच्याशीं नीट संबंध बांधावा. आमची सूचना अशी कीं, आपल्या संस्थेनें काष्टीच्या, पिंपळगांव बसवंतच्या व निफाडच्या प्रमुखांस एक पत्र लिहावें, आणि दर तीन महिन्यांनीं एक पानभर वृत्त या मासिकासाठीं मागावें. त्यांत कोण आला, कोण गेला, कोणती जागा रिकामी आहे. कोणता प्रयोग कोणत्या गांवच्या कोणत्या प्रतीच्या जमिनींत चालू आहे, तो पाहावयास केव्हां यावें. आणि गेल्या तिमाहींत काय साधलें व काय फसलें, एवढेंच असावें. छायाचित्र नसलें तरी चालेल. त्याच्या बदल्यांत आपण तालुक्याचे प्रश्न गोळा करून त्यांच्याकडे पाठवूं, आणि उत्तर आलें कीं नाहीं हें, तारखेसह, याच पानावर छापूं.

पहिल्या पत्रांत घालण्यासाठीं आमचे तीन प्रश्न येथेंच देऊन ठेवतों. वाचकांनीं आपले त्यांत मिळवावे. गेल्या दोन सालांत अवकाळी पावसांत भिजलेला कांदा चाळींत भरून पाहण्याचा प्रयोग कोणत्या केंद्रानें केला आहे काय, आणि केला असल्यास चार महिन्यांनीं किती उरला? शेतकऱ्यानें घरीं राखलेल्या उळ्याची उगवण व शुद्धता तपासून देण्याची सोय कळवणास जवळांत जवळ कोठें आहे व तीस किती दिवस लागतात? आणि पश्चिमेच्या पाड्यांवरील नागलीवर आजमितीस कोणत्या केंद्राचा कोणता माणूस काम करीत आहे? येत्या ऑक्टोबरांत उळें वाफ्यावर पडण्यापूर्वीं पहिल्या दोहोंचें उत्तर हातीं यावें.